शोधण्याआधीच निवाडा

२०२५ च्या मे महिन्यात मध्य प्रदेशातील एक नवविवाहित जोडपे मेघालयातील सोहरा परिसरात सहलीला गेले आणि दिसेनासे झाले. २ जूनला पतीचा मृतदेह दरीत सापडला. पत्नीचा मागमूस नव्हता. त्यानंतरच्या आठवडाभरात वृत्तवाहिन्यांनी आणि समाजमाध्यमांनी तिचे जे चित्र रंगवले ते आठवून पाहावे. हातावरची मेंदी न उतरलेली लेक, सीमेपलीकडे पळवून नेलेली अबला, आणि तिच्या मागे संशयित म्हणून अख्खा मेघालय. तिथले वाटाडे, दुचाकी भाड्याने देणारे, निवासगृहांचे मालक हे सारे शेकडो कोसांवर बसलेल्या प्रेक्षकांनी आरोपी ठरवून टाकले. प्रत्यक्षात त्या जोडप्यासोबत तीन अनोळखी पुरुष दिसले होते ही माहिती दिली ती एका स्थानिक वाटाड्यानेच. ९ जूनला ती उत्तर प्रदेशात गाझीपूरजवळ सापडली आणि पतीच्या खुनाच्या आरोपाखाली तिला अटक झाली. मग त्याच निवेदकांनी, त्याच आवेशात, तिला कुलटा ठरवले. विनोद, गाणी, चित्रफिती यांचा पूर आला आणि लग्न ठरलेल्या प्रत्येक मुलीकडे संशयाने पाहण्याचा सल्ला देशभरातील वरांना मिळाला.

तिच्यावरील आरोपांचा निर्णय न्यायालय करील. तो या लेखाचा विषय नाही. मला खटकते ती गोष्ट वेगळी आहे. दोन आठवड्यांत एकाच स्त्रीविषयी दोन परस्परविरोधी निवाडे झाले आणि दोन्ही वेळा पुराव्याची वाट कोणी पाहिली नाही. आपल्याकडे स्त्री बेपत्ता झाली की ‘ती कुठे आहे?’ या प्रश्नाच्या आधी ‘ती कशी होती?’ हा प्रश्न विचारला जातो. उत्तर ‘चांगली होती’ असे आले तर कोणीतरी तिला पळवले असणार, आणि ‘तशी होती’ असे आले तर ती पळून गेली असणार. हा प्रश्न केवळ वाहिन्या विचारत असत्या तर मी त्याकडे उथळपणा म्हणून दुर्लक्ष केले असते. पण सरकारी सेवेतील अनुभवावरून सांगतो, तो आधी पोलीस ठाण्याच्या मेजावर विचारला जातो.

नोव्हेंबर २०१९ मध्ये हैदराबादजवळ शमशाबाद येथे एक तरुण पशुवैद्यक रात्री घरी परतली नाही. कुटुंबीय ठाण्यात गेले तेव्हा हद्द कोणाची यावर वेळ गेला, आणि ती कोणाबरोबर निघून गेली असेल असे सुचवले गेल्याची तक्रार त्यांनी पुढे केली. हलगर्जीपणाबद्दल एका उपनिरीक्षकासह तीन पोलिसांना निलंबित करण्यात आले. ते तास वाया गेले नसते तर तिचा जीव वाचला असता असा दावा मी करणार नाही. पण त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी चार संशयित पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले आणि लोकांनी त्याच दलावर फुले उधळली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती शिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये चकमकीची ती कथा विश्वासार्ह नसल्याचे आणि गोळीबार ठार मारण्याच्या हेतूनेच झाल्याचे नमूद केले. सुरुवातीच्या रात्रीचा हिशेब मात्र पुष्पवृष्टीत विरून गेला.

त्याआधीचे उदाहरण नोएडातील निठारीचे. डिसेंबर २००६ मध्ये तिथल्या नाल्यात सांगाडे मिळाले तेव्हा उघड झाले, की मुलेमुली आणि एक तरुणी हरवल्याच्या तक्रारी घेऊन मोलमजुरी करणारे आईबाप कित्येक महिने ठाण्यात खेटे घालत होते आणि मुले पळून गेली असतील असे सांगून त्यांना परत पाठवले जात होते. २०२३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर कठोर ताशेरे ओढून आरोपींना निर्दोष ठरवले. सुरुवातीला जे शोधले गेले नाही ते सतरा वर्षांनी न्यायासनासमोर सिद्ध होईल अशी अपेक्षा कोणी कशी ठेवावी?

आणि २०२२ मधले पौडी. उत्तराखंडच्या डोंगराळ भागात ब्रिटिश काळापासून महसुली पोलीस नावाची व्यवस्था होती. म्हणजे पटवाऱ्याच्याच हाती पोलिसांचे अधिकार. ती मोडीत काढा, असा आदेश तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला होता, पण शासन स्वस्थ बसले. एका पर्यटक निवासात काम करणारी १९ वर्षांची मुलगी हरवल्याची खबर पटवाऱ्याला दिली ती त्या निवासाच्या मालकानेच. वडिलांच्या तक्रारीपेक्षा मालकाच्या सांगण्याला वजन मिळाले. प्रकरण नियमित पोलिसांकडे जाईपर्यंत काही दिवस उलटले. खबर देणारा तो मालक आणि त्याचे दोन साथीदार मे २०२५ मध्ये तिच्या खुनाबद्दल जन्मठेपेस पात्र ठरले.

या घटनांमागे एक कायदेशीर पोकळी आहे आणि तिची चर्चा क्वचितच होते. बेपत्ता बालकाच्या प्रत्येक तक्रारीत अपहरण वा मानवी वाहतूक गृहीत धरून गुन्हा नोंदवावा, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१३ मध्ये ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ललिता कुमारी खटल्यात घटनापीठाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. त्या खटल्याचा उगमही एका अल्पवयीन मुलीच्या बेपत्ता होण्यातच होता. पण सज्ञान व्यक्तीचे नाहीसे होणे हा स्वतः गुन्हा नाही. त्यामुळे अठरावा वाढदिवस उलटला की गुन्ह्याऐवजी केवळ बेपत्ता नोंदवहीत एक ओळ लिहिली जाते. ती ओळ किती गांभीर्याने घ्यायची हे ठाणे अंमलदार ठरवतो, आणि कायद्याने निकष दिलेला नसल्यामुळे तो जवळचा निकष वापरतो: मुलीचे चारित्र्य, तिच्या फोनवरचे क्रमांक, तिच्या बापाची ऐपत. झारखंडच्या गुमला वा सिमडेगा जिल्ह्यातून घरकामासाठी दिल्लीला नेलेली आदिवासी मुलगी या निकषांवर नेहमीच नापास होते. तिचे छायाचित्र तुम्ही कोणत्याही वाहिनीवर पाहिले नसेल.

आकड्यांची गत याहून बरी नाही. २०१९ ते २०२१ या तीन वर्षांत देशात १३ लाख १३ हजार स्त्रिया आणि मुली बेपत्ता झाल्याची माहिती केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये संसदेत दिली. त्यांत १० लाख ६१ हजार सज्ञान होत्या. एकट्या महाराष्ट्रातील सज्ञान स्त्रिया १ लाख ७८ हजार ४००. त्याआधी दोनच महिने एका हिंदी चित्रपटाच्या जाहिरातीत केरळच्या ३२ हजार मुलींचा आकडा मिरवला गेला होता. त्याला आधार नाही अशी सूचना दाखवण्याचे निर्मात्यांना सर्वोच्च न्यायालयात मान्य करावे लागले. उत्तरादाखल दुसऱ्या बाजूने गुजरातचा आकडा पुढे केला: पाच वर्षांत ४१ हजार ६२१ स्त्रिया बेपत्ता. मग गुजरात पोलिसांनी खुलासा केला, की यांपैकी ३९ हजार ४९७, म्हणजे जवळपास ९५ टक्के, सापडल्या असून त्यांची कुटुंबाशी भेट घडवली आहे. त्या कौटुंबिक भांडण, प्रेमप्रकरण, परीक्षेतील अपयश अशा कारणांनी घर सोडून जातात.

येथे वाद मिटला. एका पक्षाला हवा तो भयगंड मिळाला, दुसऱ्याला हवा तो दिलासा. उरलेल्या २ हजार १२४ स्त्रियांबद्दल कोणी विचारले नाही, हे एक. आणि दुसरे, माझ्या मते अधिक गंभीर: त्या ३९ हजारांपैकी किती जणींना परत जायचे होते? ‘कौटुंबिक भांडण’ या दोन शब्दांत मारहाण येते, सक्तीचे लग्न येते आणि सासऱ्याची वा दिराची वाईट नजरही येते. जी जीव मुठीत धरून निघाली तिला पुन्हा त्याच उंबरठ्यावर नेऊन सोडले तरी सरकारी तक्त्यात ती यशस्वी तपास म्हणूनच मोजली जाते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून हा तक्ता मला ओळखीचा वाटतो. फाळणीत पळवल्या गेलेल्या स्त्रियांना परत आणण्याचा करार भारत आणि पाकिस्तान यांनी डिसेंबर १९४७ मध्ये केला. पुढे डिसेंबर १९४९ मध्ये, संविधान स्वीकारल्याला जेमतेम महिना होत असताना, आपण त्यासाठी कायदा केला. अपहृत व्यक्तीच्या व्याख्येत मुलगा सोळा वर्षांखालचाच घेतला होता. स्त्री मात्र कोणत्याही वयाची. तिने कुठे राहायचे हे न्यायाधिकरण ठरवणार, तिची इच्छा निर्णायक नव्हती. सभागृहात काही सदस्यांनी हा आक्षेप घेतला, पण गोपालस्वामी अय्यंगार यांनी मांडलेले विधेयक संमत झाले आणि १९५२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा वैध ठरवला. १९५७ पर्यंत सुमारे ३० हजार स्त्रिया ‘परत मिळवल्या’ गेल्या, त्यांपैकी सुमारे २२ हजार भारतातून आणि ८ हजार पाकिस्तानातून. यात मृदुला साराभाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे कष्ट खरे होते, आणि असंख्य स्त्रियांची नरकातून सुटका झाली हेही खरे. पण काहींनी नव्या घरात मुले वाढवली होती, काहींना जायचे नव्हते, आणि काहींना त्यांच्याच माहेरांनी दार उघडले नाही. या स्त्रिया पवित्रच आहेत, त्यांना स्वीकारा, असे गांधीजी आणि नेहरूंना जाहीर आवाहन करावे लागले. उर्वशी बुटालिया, तसेच रितू मेनन व कमला भसीन यांनी नव्वदच्या दशकात या स्त्रियांच्या आठवणी नोंदवल्या, तोवर सरकारी दप्तरात त्यांचा आवाज जवळपास नव्हताच.

दप्तराची ही सवय माझ्याही हाताला लागली होती. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत उत्तर भारतातील एका उपविभागात दंडाधिकारी असताना माझ्यासमोर बावीस वर्षांच्या एका तरुणीला आणले गेले. वडिलांनी ती बेपत्ता असल्याची तक्रार दिली होती आणि पोलिसांनी तिला शेजारच्या शहरातून आणले होते. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ९८ चा मजकूर मला पाठ होता. नव्या संहितेत तो कलम १०१ मध्ये आहे. बालिकेला पालकांकडे सोपवावे, पण सज्ञान स्त्रीला तिचे स्वातंत्र्य परत द्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मी वडील आणि चुलते उभे असलेल्या त्याच खोलीत तिला विचारले, ‘‘घरी जायचे आहे ना?’’ तिने खाली पाहत मान हलवली. ‘पित्याच्या हवाली’ असे पेशकाराने आधीच लिहून ठेवलेल्या कागदावर मी सही केली. तिला एकटीला बसवून विचारावे, हे मला सुचले नाही. खरे सांगायचे तर त्या दिवशी सुनावणीची बरीच प्रकरणे होती आणि मला उशीर झाला होता. पुढे तिचे काय झाले ते मला कळले नाही; तसे विचारण्याची रीत नव्हती.

सज्ञान स्त्रीला दोन हक्क आहेत आणि ते एकमेकांना छेदतात: धोक्यात असेल तर तातडीने शोधले जाण्याचा, आणि स्वेच्छेने गेली असेल तर घरच्यांना न सापडण्याचा. लखनौतील एक सत्तावीस वर्षांची स्त्री स्वेच्छेने लग्न करून निघून गेली. भावाने बेपत्ता असल्याची तक्रार दिली आणि पोलिसांनी तिच्या नवऱ्याच्या बहिणींसह नातलगांना तुरुंगात टाकले. लता सिंह खटला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती सारी कारवाई रद्द केली. म्हणजे जिचा शोध घ्यायला हवा तिच्या बाबतीत ‘पळाली असेल’ म्हणणारे ठाणे, जिला शोधण्याचे कारण नाही तिच्या मागे पूर्ण ताकदीनिशी धावू शकते. दोन्हीकडे निर्णय तक्रारदाराच्या प्रतिष्ठेवर आणि स्त्रीच्या चारित्र्यावर झालेला असतो.

दोन्ही हक्क एकत्र सांभाळणे प्रशासनाला अशक्य नाही. तक्रार आली की पहिल्या चोवीस तासांतील कामे, म्हणजे फोनचे ठिकाण, सीसीटीव्ही, शेवटचा साक्षीदार, ही कोणतेही कारण न लिहिता व्हावीत. कारणाचा रकाना शोध संपल्यावर भरावा. ती सापडली की नातलगांच्या अनुपस्थितीत, महिला अधिकाऱ्यासमोर तिचा जबाब घ्यावा. तिने नकार दिल्यास कुटुंबाला ‘सुखरूप आहे’ एवढेच कळवावे आणि पत्ता गोपनीय ठेवावा. ज्यांना कुटुंबाकडूनच धोका आहे अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे आणि विशेष कक्ष उभारण्याचे निर्देश शक्ती वाहिनी प्रकरणात २०१८ मध्ये दिले गेले आहेत. एकटीने घर सोडणाऱ्या स्त्रीलाही त्यांत जागा हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने ‘सापडल्या’ या रकान्याचे तुकडे करावेत: मृत, सुटका केलेल्या, स्वेच्छेने परतलेल्या, परत जाण्यास नकार दिलेल्या.

वृत्तपत्रांसाठी आणि वाहिन्यांसाठी सूचना करताना मी थोडा कचरतो, कारण शोधासाठी छायाचित्र आणि नाव प्रसिद्ध करावेच लागते. मात्र लैंगिक अत्याचार झाल्याचे उघड होताच तेच नाव छापणे गुन्हा ठरते आणि तोवर ते लाखो पडद्यांवर पोचलेले असते. निदान एवढे व्हावे, की शोधाच्या बातमीत वय, उंची, कपडे आणि शेवटचे ठिकाण यांपलीकडे तिच्याविषयी काही नसावे. मैत्री कोणाशी होती, रात्री किती वाजता येत असे, हे त्या बातमीतून वगळावे. आणि ती सापडली की ज्या माध्यमाने छायाचित्र लावले त्यानेच ते उतरवावे. आज ते कोणी उतरवत नाही. घर सोडून दुसऱ्या शहरात नोकरी शोधणारी स्त्री मुलाखतीला जाते तेव्हा समोरचा माणूस तिचे नाव टाइप करतो, आणि पडद्यावर पहिल्यांदा येते ती तीन वर्षांपूर्वीची ‘बेपत्ता’ची बातमी.