चिठ्ठी नको, माहिती हवी!

हुपरीचा चांदी कारागीर अत्यवस्थ झाला की त्याला कोल्हापूरला धाडतात. हातात चिठ्ठी, पण कोणते इंजेक्शन कधी दिले, पुढे खाट आहे का, याचा अनेकदा पत्ताच नसतो. हे दैव नव्हे, हक्काची पायमल्ली आहे.

१९९२ साली रेल्वेतून पडलेले शेतमजूर संघटनेचे सदस्य हकीम शेख यांना बंगालमधील सरकारी रुग्णालये एकामागून एक परत धाडत राहिली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कलम २१ चा भंग ठरविला, २५,००० रुपये भरपाई दिली आणि खाट कोठे आहे हे कळविणारी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा हवी असे बजावले.

आमची मागणी साधी आहे: आधी फोन, सोबत उपचारांची लेखी नोंद. बांधवांनो, ती मागून घ्या. ते उपकार नव्हेत. संविधानाने दिलेला जगण्याचा हक्क आहे.