पाळण्यात बसण्यापूर्वी



शाळांना सुटी लागली की आमच्या पांढुर्णा-सौंसर भागातील घराघरांतून एकच हट्ट ऐकू येतो: मोठ्या शहरातील खेळांच्या बागेत न्या! परवा एका मातेने मला विचारले, "फादर, असल्या मौजेवर पैसा घालविणे ख्रिस्ती माणसास शोभते काय?"

संत थॉमस अक्विनास यांनी आपल्या ग्रंथात संत योहानाची एक जुनी कथा दिली आहे. योहान आपल्या शिष्यांसह खेळत असलेला पाहून काहींना ते खटकले. तेव्हा त्याने त्यांच्यापैकी एका धनुर्धाऱ्यास लागोपाठ बाण सोडावयास लावले आणि हे असेच अखंड चालू ठेवता येईल काय, असे विचारले. तसे केल्यास धनुष्य मोडेल, असे उत्तर आले. माणसाच्या मनाचेही तसेच आहे. तेव्हा मर्यादेतील करमणूक हे पाप नव्हे. ती मनाची गरज आहे.

ही गरज ओळखूनच १९८९ साली मुंबईत गोराई येथे 'एस्सेलवर्ल्ड' उघडले. गोराई हे आपल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती बांधवांचे जुने गाव. बोटीने खाडी ओलांडून जाणे हीच मुलांची पहिली मौज असे. १९९८ साली शेजारी 'वॉटर किंगडम' झाले, तर २०१३ साली खोपोलीजवळ 'इमॅजिका' आले.

परंतु या आनंदाची दुसरी बाजूही आपण पाहिली पाहिजे. ऑस्ट्रेलियातील गोल्ड कोस्ट येथे १९८१ साली 'ड्रीमवर्ल्ड' नावाची विशाल बाग सुरू झाली. वाघांचे बेट, सुमारे १२० मीटर उंचीवरून खाली सोडणारा मनोरा, अशी तिची आकर्षणे. तेथेच पाण्याच्या प्रवाहातून वाहणाऱ्या तराफ्यांचा, सर्व कुटुंबाने बसावे असा एक खेळ होता. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी पाण्याचा पंप बंद पडला, पाणी ओसरले, एक तराफा अडकला आणि मागून आलेला तराफा त्यावर आदळला. चार माणसे मृत्युमुखी पडली. बरोबरची दोन मुले वाचली. तोच पंप त्या दिवशी आधी दोन वेळा बंद पडला होता! तीस वर्षांत त्या खेळाच्या धोक्यांची अभियंत्यांकडून नीट तपासणी झाली नव्हती, असे २०२० साली चौकशीत उघड झाले. कंपनीला ३६ लाख डॉलर दंड झाला; पण गेलेले जीव काही परत आले नाहीत.

वाचकहो, आपल्या जत्रेतला आकाशपाळणा लहान असला, तरी त्यात बसणारे मूल तेवढेच मोलाचे आहे. ते खिळे, दोर आणि यंत्र तपासून बसत नाही. बाबांनी बसविले म्हणून ते बसते. हा विश्वास म्हणजे परमेश्वराने आपल्या हाती दिलेली ठेव होय. म्हणून तिकीट घेण्यापूर्वी थोडे थांबावे. अडसर नीट लागतो काय, चालविणारा शुद्धीवर आहे काय, हे पाहावे आणि शंका येताच मूल रडले तरी परत फिरावे. आपल्या धर्मग्रामातील जे तरुण यंत्रांवर काम करतात, त्यांनीही ध्यानात ठेवावे: यंत्र एकदा अडले की ते थांबवावे. गिऱ्हाइकाचा राग संध्याकाळपर्यंत टिकतो, पश्चात्ताप जन्मभर.

त्या मातेला मी म्हणालो, "बाई, मुलांना अवश्य न्या. फक्त त्यांच्यासाठी तुमचे डोळे उघडे ठेवा."