फेरतपासणीची फाईल आणि आपली चिठ्ठी

मेंदूतील रक्तस्रावातून बचावलेले एक निवृत्त शिक्षक न्यूरोसर्जनकडे दुसऱ्या फेरतपासणीस जाण्याच्या आदल्या दिवशी आमच्या चिकित्सालयात आले. उजवा हात अजून जड होता, वाणी अडखळत होती. त्यांच्या पत्नीने हळूच विचारले, "वैद्यराज, तुमच्या औषधांचं तिकडे नाही सांगितलं तर चालेल ना? डॉक्टर रागावतात." त्यांच्या पिशवीत दुकानातून परस्पर घेतलेले शंखपुष्पीचे सिरप होते आणि रुग्णालयाच्या कार्डावर झटक्यांसाठी फेनिटॉइन लिहिलेले होते. ते कार्ड आम्ही पहिल्याच दिवशी मागावयास हवे होते. ही चूक आमची.

शंखपुष्पीयुक्त सिरपमुळे फेनिटॉइनची रक्तातील मात्रा घटू शकते, हे मुंबईतील संशोधकांनी १९९२ साली प्राण्यांवरील प्रयोगांतून दाखविले होते. त्या अभ्यासास निमित्त झाले ते झटक्यांवरील नियंत्रण सुटलेले रुग्णच.

पक्षाघात म्हटला की लसूण, गुग्गुळ हे आपल्या लेखणीतून सहज उतरते. परंतु वाहिनी अवरुद्ध झाल्याने आलेला पक्षाघात आणि ती फुटल्याने आलेला पक्षाघात यांतील भेद सीटी स्कॅनवाचून निश्चित होत नाही. लसणाने प्लेटलेट एकत्र येण्याची क्रिया मंदावते. ज्येष्ठमध अधिक मात्रेत दीर्घकाळ दिल्यास रक्तदाब वाढतो, आणि उच्च रक्तदाब हेच अशा रक्तस्रावाचे प्रमुख कारण. चरकाचार्यांनी शिरास त्रिमर्मांत स्थान दिले आहे. तेथे सवयीने औषध देणे शोभत नाही.

आमचे मत स्पष्ट आहे. अशा रुग्णाचे कार्ड पाहिल्यावाचून औषध देऊ नये. प्रत्येक भेटीत रक्तदाब मोजून नोंदवावा. रक्तदाबाच्या व झटक्यांच्या गोळ्या आपण बंद करू नयेत. फेरतपासणीस जाताना आपल्या कल्पांची नावे, घटकद्रव्ये व मात्रा लिहिलेली चिठ्ठी रुग्णासोबत द्यावी. औषधी विक्रेत्या बंधूंनीही "लकवा झालाय, काहीतरी द्या" म्हणणाऱ्यास वैद्याच्या चिठ्ठीवाचून काही देऊ नये.

चिठ्ठी पाठविण्यात कमीपणा आहे, असे काही व्यवसायबंधू मानतात. कमीपणा लपविण्यात आहे. त्या दिवशी आम्ही सिरप थांबविले आणि चिठ्ठी दिली. सर्जनांनी ती वाचून फाईलला लावली व फेनिटॉइनची रक्तातील पातळी तपासून घेतली. रागावले मात्र नाहीत.