तरवडाचा नकाशा

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त झालं धाकट्या बहिणीच्या नातीचं. ती पुण्याला पर्यावरणशास्त्र शिकते. दिवाळीत आली तेव्हा फराळाचं ताट बाजूला सारून तिनं लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "आजोबा, ओळखा बघू!"

पडद्यावर आमचे बारामती आणि इंदापूर तालुके. त्यावर निळ्यापासून लाल रंगापर्यंतच्या छटा. लाल म्हणजे तरवड वाढायला उत्तम जागा, निळी म्हणजे नको. दोन्ही तालुके जवळजवळ लालभडक!

तरवड आमच्या वाचकांना सांगायला नको. पिवळ्याधमक फुलांचं झुडूप. काडीनं दात घासायचे, साल कातडी कमवायला जायची. शेळ्यामेंढ्या सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून चरून चरून उघड्या पडलेल्या माळावरही हे उभंच. बोरीचं तसं नाही. ती बिचारी खुरटून जमिनीला चिकटते.

नकाशा कसा होतो, तेही पोरीनं समजावलं. झुडूप जिथे जिथे दिसलं त्या जागांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे. काही जुन्या वनस्पतिसंग्रहांतल्या वाळवलेल्या फांद्यांवरून, काही लोकांनी मोबाइलवर काढलेल्या फोटोंवरून. मग वर्ल्डक्लिम नावाच्या संग्रहातून पाऊस आणि तापमानाचे १९ आकडे घ्यायचे, साधारण एक किलोमीटरच्या चौकटीचे. ज्या चौकटींतलं हवामान या जागांसारखं, त्या रंगवायच्या. पद्धतीचं नाव मॅक्सएंट. स्टीव्हन फिलिप्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली तिच्यावर निबंध लिहिला आणि ती जगभर पसरली. मला गंमत वाटली. "अमुक पिकास अमुक हवामान मानवते" हे वर्गात घोकून घेण्यात माझी हयात गेली, त्याचंच हे गणित!

पण मास्तराची खोड जात नाही. मी विचारलं, "यात कालवा कुठाय?"

नव्हता. ढगांना कालवा माहीत नसतो. नीरा डावा कालवा एकोणिसाव्या शतकात झाला आणि एकाच पावसाच्या मुलखाचे दोन मुलूख झाले. नीरेच्या अंगाला ऊस, वर सुपे, शिर्सुफळ, कडबनवाडीकडे जिरायत आणि माळ. उसाच्या फडातही तरवडाला हवामान उत्तमच आहे, फक्त जागा नाही! एका चौकटीत बांध, ओढा, फड आणि माळ सगळं मावतं, रंग मात्र एकच. आणखी एक. फोटो काढणारा गाडीतून उतरून काढतो, त्यामुळे टिंबं डांबरी रस्त्याच्या कडेनं जास्त. "इथे झाड नाही" अशी नोंद तर कुणीच करत नाही. संगणक मग पार्श्वभूमी म्हणून मुलखातली हजारो ठिकाणं आपणच उचलतो. आणि झुडूप पसरणार म्हणजे बी कुणीतरी न्यायला हवं. बोरं खोकड खातं आणि बिया माळभर टाकतं. खोकडच उरलं नाही, तर लाल रंगाचं काय करायचं?

पोरीवर टीका नाही हं. नकाशा करावाच. माझी भीती वेगळीच आहे. असा लाल नकाशा हाती आला की कुणीतरी खड्डे खणायला निघतं.

हे मी अनुभवानं सांगतो. नोकरीत असताना शाळेमागच्या माळावर मीच पोरांना कुदळी देऊन नेलं होतं. तरवड आणि बोरी उपटून सुबाभूळ आणि गिरिपुष्पाची रोपं लावली. 'पडीक जमीन हिरवी करू या' असा फलकही मीच रंगवला. फोटो निघाला, कौतुक झालं. दोन उन्हाळ्यांत निम्मी रोपं वाळली, उरलेली सुबाभूळ माजली. माळ पडीक नव्हताच, हे कळायला मला निवृत्त व्हावं लागलं.

अलीकडे एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी देशातल्या अशा नैसर्गिक उघड्या मुलखांचा नकाशा केला. देशाच्या जमिनीचा सुमारे दहावा भाग असा आहे, आणि सरकारी कागदांत त्यातला पुष्कळसा पडीक म्हणूनच लागलाय. आमच्या तालुक्यात सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली झालं, चिंकाऱ्यासाठी. क्षेत्र ५.१४ चौरस किलोमीटर. बाकीचा माळ गायरान, वनखातं आणि मालकीच्या रानांत विखुरलेला.

म्हणून माझं मत असं, की लाल रंगाचा अर्थ 'इथे लावा' असा घेऊ नये. 'इथे नांगर, जेसीबी आणि वृक्षारोपण लांब ठेवा, ते आपसूक येईल' असा घ्यावा. बोर तोडली तरी मुळापासून फुटते, तिला आपल्या खड्ड्याची गरज नाही. आणि नकाशा छापण्याआधी दोन दिवस एखाद्या मेंढपाळाबरोबर हिंडावं. कुठल्या माळावर काय होतं आणि कधी गेलं, हे त्याला तोंडपाठ असतं.

पोरीला हे पटलं असावं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती 'नाही'च्या नोंदी घ्यायला येणार आहे. ओळखीच्या एका धनगरबाबांना मी विचारून ठेवलंय. पहिलं टिंब शाळेमागच्या माळावर घ्यायचं ठरलंय.