वेताळाला लॅमिनेट करू नका

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचा परवा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. त्यांच्याकडचे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक त्यांनी ‘कायमचे सुरक्षित’ करून घेतले होते. म्हणजे काय केलं, तर स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात गठ्ठा नेऊन दिला. तिथे पिना उपटल्या, पानं सुटी केली, मुखपृष्ठं लॅमिनेट केली, कडेला भोकं पाडली आणि स्पायरल चढवून दिलं. “ताई, आता चहा सांडला तरी पुसून घ्यायचा,” ते म्हणाले. मला काही क्षण बोलताच येईना. आठवडाभर दुसरं काही सुचलेलं नाही. जुन्या अंकांविषयीचा माझा जिव्हाळा या सदराच्या वाचकांना ठाऊक आहेच, त्यामुळे आज दुसरा विषय निघणं शक्य नव्हतं.

त्यांच्या उत्साहाचं मूळ एका बातमीत होतं. कॅलिफोर्नियात तीन भावांना दिवंगत आईच्या घराच्या माळ्यावर खोक्यात, जुन्या वर्तमानपत्रांखाली १९३९ चा ‘सुपरमॅन’चा पहिला अंक सापडला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लिलावात त्याला ९१ लाख डॉलरहून जास्त किंमत आली. ही बातमी आपल्याकडे मोबाइलवरून घराघरांत फिरली. तेव्हापासून लोक माळे उपसू लागलेत. उपसावेतच. पण तो अंक टिकला तो तिथल्या थंड हवेमुळे, हे बातमीतलं वाक्य कुणी वाचत नाही. आपल्याकडे माळ्यावर मे महिन्यात भट्टी असते आणि जुलैत पापडसुद्धा तासाभरात सादळतो. त्या माळ्यावर खोकं ठेवून कॅलिफोर्नियासारखा अंक खाली येईल ही आशा व्यर्थ आहे.

कॉमिक्सचा कागद मुळातच अल्पायुषी. लाकडाच्या लगद्याचा हा स्वस्त कागद. त्यातला लिग्निन प्रकाशाने आणि हवेने बदलतो, कागदात आम्ल वाढतं, पान पिवळं पडतं आणि शेवटी दुमडलं की तुटतं. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले अठराव्या शतकातले मोडी कागद आजही हाताळता येतात, कारण ते चिंध्यांच्या लगद्याचे, हातकागदाचे आहेत. आपला १९७० चा वेताळ, म्हणजे इंद्रजालमधला फँटम, मात्र पन्नाशीतच थकतो. त्यात हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकली की बुरशी धरते. मुंबई-कोकणात पावसाळाभर ती त्याहून वरच असते. पिना गंजतात आणि गंज कण्यापाशी कागद खातो. कसर खळीवर आणि कागदाच्या गुळगुळीत थरावर जगते. वाळवी तर सगळंच खाते.

शत्रूंची ही नावं सगळ्यांना माहीत असतात. माझी तक्रार कसरीबद्दल किंवा वाळवीबद्दल नाहीच. माझी तक्रार आहे ती प्रेमाने केलेल्या उपायांबद्दल. लॅमिनेशनमध्ये तापलेला चिकट थर कागदाच्या तंतूंत शिरतो. तो पुन्हा निघत नाही. काढायला गेलात तर छपाईच त्याच्याबरोबर येते. कागदातलं आम्ल आत कोंडून राहतं आणि पान आतल्या आत पिवळं होत जातं. चिकटपट्टीचंही तेच. फाटलेल्या पानावर लावलेली पारदर्शक पट्टी काही वर्षांनी गळून पडते आणि मागे तपकिरी डाग सोडते. तो डाग कुठल्याही घरगुती उपायाने जात नाही. जुने ग्रंथ दुरुस्त करणाऱ्या मंडळींचा एक नियम आहे: जे उद्या उलटवता येणार नाही ते आज करायचं नाही. हा एक नियम पाळला तरी निम्मे अंक वाचतील.

डांबरगोळ्यांबद्दल माझं मत कडक आहे. बंद ट्रंकेत मूठभर गोळ्या टाकून वर्षानुवर्षं विसरून जाणं हे अंकांना चांगलं नाही आणि ट्रंक उघडणाऱ्याच्या फुप्फुसांना त्याहून नाही. कडुनिंबाची पानं घालायची तर कडकडीत वाळलेली घालावीत; ओलसर पानं म्हणजे बुरशीला आमंत्रण. आणि कृपा करून अंकांना ‘ऊन दाखवू’ नका. गादीला जे मानवतं ते छापील रंगाला मानवत नाही. कोरड्या दिवशी सावलीत, पंख्याच्या हवेवर पानं मोकळी करावीत, बस.

मग ठेवायचे कसे? मी लोखंडी कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर आणि जमिनीपासून उंचावर ठेवते. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या स्वच्छ पाकिटात, पाठीला आम्लविरहित पुठ्ठा. बाजारात मिळणाऱ्या काही पाकिटांना प्लॅस्टिकचा उग्र वास येतो. ती पीव्हीसीची असतात, कालांतराने चिकट होतात आणि मुखपृष्ठाची शाई ओढून घेतात, ती घेऊ नयेत. साधा तपकिरी पुठ्ठाही नको, तो स्वतःच आम्लयुक्त असतो. पाकिटं जमत नसतील तर धुतलेल्या सुती कापडात गठ्ठा बांधा. आपल्याकडे पोथ्या बासनात आणि दफ्तरं रुमालात बांधून ठेवत, त्यामागे विचार होता. कापड धूळ अडवतं आणि कागदाला श्वास घेऊ देतं. रबरबँड मात्र कधीही लावू नका. कसर लागलेला अंक दिसला तर तो पिशवीत हवाबंद करून दोन आठवडे फ्रीजरमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये. किडे आणि अंडी दोन्ही मरतात, औषधाचा थेंबही लागत नाही.

हे सगळं त्या गृहस्थांना सांगत असताना ते म्हणाले, “बरं झालं, पहिल्या पानावरची पेनाची नावंबिवं पण दुकानदाराने व्हाइटनरने पुसून दिली.” आणि खरं सांगते, लॅमिनेशनपेक्षा हे मला जास्त लागलं.

परदेशी संग्राहकांच्या हिशेबात अंकावर नाव लिहिलेलं असलं तर त्याची किंमत उतरते. तिथे अंकाला दहापैकी गुण देतात आणि टणक प्लॅस्टिकमध्ये सीलबंद करतात. पुन्हा कुणी तो उघडून वाचायचा नाही. त्यांची परंपरा त्यांना लखलाभ. आपले अंक वेगळ्या रीतीने जगले आहेत. एक अंक घरातल्या सगळ्या भावंडांनी वाचला, मग शेजारी गेला, मग मामाच्या गावी. गल्लीतल्या वाचनालयाने त्यावर जांभळा शिक्का मारला, मजबुतीसाठी कडेने जाड दोरा घातला. एखाद्या मुलाने आपलं नाव, इयत्ता, तुकडी आणि वर्ष लिहिलं, खाली वेताळाच्या कवटीची खूण काढली. माझ्याकडच्या इंद्रजालच्याच एका ‘बहादूर’च्या अंकावर तीन वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकाच आडनावाची तीन नावं आहेत, वरची दोन खोडलेली. तीन भावंडांनी एकामागून एक तो अंक आपला मानला होता, याचा एवढाच पुरावा जगात शिल्लक आहे. तो पुसायचा कशासाठी?

आणि मराठी अंकांच्या बाबतीत ही नावं आणखी मोलाची आहेत. इंद्रजाल १९६४ मध्ये टाइम्स ऑफ इंडियाने सुरू केलं आणि १९९० मध्ये ते बंद पडलं. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भाषांत ते निघत असे. आबिद सुरतींचा बहादूर १९७६ मध्ये त्यातच अवतरला. भारतीय वाचकांसाठी वेताळाचा ‘बंगाला’ देश इथे ‘डेंकाली’ झाला. आज जुन्या बाजारात इंग्रजी अंक त्या मानाने सहज दिसतात. मराठी अंकासाठी मी वर्षानुवर्षं डोळे लावून बसते. इंग्रजी अंक लोकांनी ‘मुलांचं इंग्रजी सुधारेल’ म्हणून ठेवले, मराठी अंक दिवाळीच्या साफसफाईत रद्दीवाल्याच्या तराजूत गेले, असं मला अनेक घरांतून ऐकायला मिळालं आहे. ‘किशोर’ मासिकाचं भाग्य थोर. बालभारतीने १९७१ पासूनचे त्याचे जुने अंक महाजालावर विनामूल्य ठेवले. ‘चांदोबा’ आणि मराठी ‘अमर चित्र कथा’ यांच्यासाठीही आपल्यापैकी अनेकांच्या मनात माया आहे. पण मराठी वेताळ कुणी वाचला, कुठल्या गावात वाचला, कितव्या इयत्तेत वाचला, याची नोंद कुठल्याही सरकारी दप्तरात होणार नाही. ती त्या पहिल्या पानावरच आहे.

म्हणून ज्यांच्याकडे असे अंक आहेत त्यांना माझी विनंती आहे. पावसाळ्यापूर्वीची आगोटची कामं निघतील तेव्हा एक दिवस अंकांसाठी ठेवा. गठ्ठा सोडा, मऊ कोरड्या कुंचल्याने धूळ झटका, गंजलेली पिन दिसली तर ओढू नका, तशीच राहू द्या. प्रत्येक अंकाचा क्रमांक, नाव आणि त्यावर काय लिहिलं आहे ते एका वहीत उतरवा. ती वही कुठे आहे ते मुलांना, सुनांना, भाच्यांना सांगून ठेवा. नको असतील तर रद्दीत घालू नका, गावातल्या वाचनालयाला विचारा, एखाद्या संग्राहकाला द्या. आणि झेरॉक्सच्या दुकानात नेऊ नका.