रिपोर्ट नॉर्मल, पण मनाचं काय?

मोठं दुखणं निघालं की आपल्या धामणगावची माणसं सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूर गाठतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेमुळे अनेकींच्या ऑपरेशनचा, केमोचा खर्चही सुटतो. बाई बरी होऊन घरी येते. आणि महिन्याभरात तीच बाई उगाच रडते, मुलांवर खेकसते, रात्र रात्र जागी राहते. मग घरातलंच कुणी म्हणतं, "आता तं बरी झाली ना वं, मंग काहून रडतं?"

मला वाटतं, घोळ इथेच होतो. उपचार चालू असताना तारखा, तपासण्या, औषधं यातच जीव अडकलेला असतो. घाबरायलाही सवड नसते! ती सवड घरी आल्यावर मिळते. शिवाय यात शरीराचाही हात असतो. स्तनाच्या कर्करोगानंतर काही वर्षं घ्याव्या लागणाऱ्या हार्मोनच्या गोळ्यांनी काहींची झोप उडते, चिडचिड वाढते. लकव्यानंतर मेंदूला झालेल्या इजेमुळे काहींना रडू आवरत नाही. हे नखरे नव्हेत.

सोनाली बेंद्रेने जुलै २०१८ मध्ये आपला कर्करोग जाहीर केला. केस गेलेलं डोकंही लपवलं नाही. तिचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण तिचं उदाहरण देऊन घरच्या बाईला "खंबीर राहा" सांगणं सोपं! न्यूयॉर्कला तिच्यासोबत घरची माणसं होती, हाताशी पैसा होता. आपली बाई मात्र टाके सुकायच्या आत चुलीपुढे उभी असते.

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. सरकारी यंत्रणेत मनाचे उपचार मिळणं हा त्याने दिलेला हक्क आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा टेली-मानसचा मोफत नंबरही आहे. चोवीस तास, मराठीतूनही बोलता येतं. पण हक्क मागायला आधी दुखणं कबूल तर करावं लागेल ना!

म्हणून मैत्रिणींनो, दोन आठवड्यांवर उदासी टिकली, कशातच मन लागेना, तर पुढच्या तपासणीत डॉक्टरांना स्पष्ट सांगा. जगणं नकोसं वाटलं तर एक दिवसही थांबू नका, त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, फोन लावा. आणि घरच्यांनो, "गोळी घेतली का?" हे तुम्ही रोज विचारता. त्याच्याच जोडीला "आज कसं वाटतं?" हेही विचारा, आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसा.