व्रत सांभाळून फ्लॉरेन्स



"व्रत घेतलेल्या बाईनं परदेशी जाऊ नये, आणि गेलीच तर चार दिवस नियम सैल करावा." हे वाक्य गेल्या वर्षभरात मी तीन वेगवेगळ्या तोंडून ऐकलं. एकदा तर माझ्या मैत्रिणीच्या मुलाकडूनच. तिचा रात्रिभोजनत्याग सत्तावीस वर्षांचा. मुलगा प्रेमानंच म्हणाला, "आई, तिकडे कोण बघतंय?" तेवढ्यावरून ती तिकीट रद्द करायला निघाली होती. कोणी बघावं म्हणून तिनं नियम घेतला नव्हता, हे त्या पोराला कसं सांगायचं?

आम्ही चौघी मेमध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्सला पाच दिवस राहून आलो. दोघी जैन, दोघी नाहीत. त्यावरून माझं जे मत झालं ते असं: नियम प्रवासाच्या आड येत नाही, आड येते ती आपली प्रवास करण्याची पद्धत. अकरा दिवसांत नऊ शहरं, बसमागून येणारा स्वयंपाकी आणि 'शुद्ध जैन भोजना'ची जाहिरात, अशा सहली मीही केल्यात. जेवण खरंच चोख असतं. पण सगळा दिवस त्या जेवणाच्या वेळेभोवती फिरतो आणि शहर खिडकीतून दिसतं तेवढंच. त्यापेक्षा एकच गाव धरावं, स्वयंपाकघर असलेलं घर भाड्यानं घ्यावं आणि आपलं आपण करून खावं. चौघींत ते परवडतंही.

आता सूर्याचं बघा. मेच्या मध्यावर तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो. दोन घटिका आधी म्हणजे पावणेआठच्या आत जेवण उरकायचं. आपल्याकडे मे महिन्यात सहाला पान वाढावं लागतं, तिथे उलट सवलतच! फक्त तिथली हॉटेलं संध्याकाळी सात-साडेसातला उघडतात, म्हणून त्यांच्या भरवशावर राहता येत नाही. आम्ही साडेसहाला घरी जेवायचो आणि मग अर्नो नदीकाठी फिरायला मोकळ्या. पोन्ते वेक्क्यो हा सोनारांच्या दुकानांचा पूल संध्याकाळच्या उन्हात फार सुंदर दिसतो.

खाण्याचं जरा सविस्तर सांगते, कारण फोनवर सगळ्या तेच विचारतात. दूध-तुपाचे पदार्थ युरोपात नेता येत नाहीत, तेव्हा तूप-पेढे घरीच ठेवा. आम्ही भाजणी, मेतकूट आणि कोरडी चटणी नेली, बाकी तिथल्या मंडईत घेतलं. टोमॅटो, फुलासकट मिळणाऱ्या लांबट कोवळ्या झुकिनी, ओल्या पावट्यासारख्या हिरव्या शेंगा. इटलीतले लोक तस्कनीच्या माणसांना 'शेंगदाणे' नव्हे, 'घेवडेखाऊ' म्हणून चिडवतात, इतकी तिथे कडधान्यं खातात. आपल्याला आणखी काय हवं? तिथला पाव अळणी असतो, मुळात मीठच घालत नाहीत. माझ्या मैत्रिणींनी तोंडं वाकडी केली. मीठत्यागाचा दिवस पाळणारीला त्यात नवल ते काय! अर्थात यीस्ट चालत नसेल तिनं पाव सोडूनच द्यावा.

बाहेर खायची वेळ आली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. तिथल्या बहुतेक रश्शांची सुरुवात कांदा, गाजर आणि सेलरीच्या फोडणीनं होते. ताटात कांदा दिसत नाही, पण असतो. 'सेन्त्सा चिपोल्ला, सेन्त्सा आल्यो' म्हणजे कांदा नको, लसूण नको, एवढं पाठ करून जा. आणि चीज. पार्मेजान वासराच्या पोटातल्या रेनेटनंच बनवायचं असा त्यांचा नियम आहे. पास्त्यावर ते न विचारता भुरभुरतात. पाकिटावर 'काल्यो वेजेताले' लिहिलेलं चीज मिळतं, ते वनस्पतीजन्य. आपल्या कितीतरी घरांत पार्मेजान बिनदिक्कत आणलं जातं आणि बटाट्यावर मात्र वाद घालतात, हे मला पटत नाही.

बघण्यासारखं पुष्कळ आहे. दुओमोच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्यांना आम्ही खालूनच नमस्कार केला. मला बोलायचंय ते दोनच जागांबद्दल.

पहिली मायकेलअँजेलोचा डेव्हिड. सतरा फुटी, १५०४ साली पुरा झालेला. आमच्या शेजारी भारतातल्याच काही बायका उभ्या होत्या. नग्न पुतळा बघून एकमेकींना कोपरानं ढोसत हसत होत्या. मला हसू येईना. कुंभोजच्या अठ्ठावीस फुटी बाहुबलींपुढे लहानपणापासून हात जोडलेल्या बाईला नग्नतेचं काय अप्रूप? मी बघत होते ते कपाळाकडे. डेव्हिडच्या कपाळावर आठी आहे, खांद्यावर गोफण आहे, युद्ध अजून व्हायचंय. आपले बाहुबली युद्ध जिंकून, जिंकलेलं टाकून उभे आहेत, पायांवर वेली चढल्यात तरी चेहऱ्यावर रेघ नाही. डेव्हिड अप्रतिमच आहे, दगडात शिरा दिसतात. पण त्याच्यासमोर उभं राहून मला बाहुबली जास्त कळले, हेही खरं.

दुसरी जागा सान मार्कोचा मठ. मेदिची हे तिथलं सावकार घराणं. त्यांची पेढी १३९७ ची, रोम, व्हेनिस, लंडनपर्यंत शाखा. व्याज घेणं तेव्हा पाप समजत. कोझिमो मेदिचीनं हा मठ स्वतःच्या पैशानं नव्यानं बांधून दिला आणि स्वतःसाठीही तिथे एक खोली राखून ठेवली. साधूंच्या खोल्या एवढ्याशा, एक खिडकी आणि भिंतीवर फ्रा अँजेलिकोचं एक चित्र, बस्स. सामायिकाला अशी जागा हवी असं मनात आलं. (बी.कॉम. झालेल्यांसाठी: पाचोलीचं द्विनोंदी हिशेब शिकवणारं पुस्तक व्हेनिसला छापलं १४९४ मध्ये, आणि मेदिचींची पेढी बुडाली तीही १४९४ मध्येच!)

त्याच मठाचा प्रमुख पुढे साव्होनारोला झाला. कडक वैरागी माणूस. १४९७ मध्ये त्याच्या अनुयायांनी आरसे, गंजिफा, अलंकार, चित्रं गोळा करून भर चौकात होळी केली. वर्षभरानं, २३ मे १४९८ ला, त्याच चौकात त्याला फाशी देऊन जाळलं. तिथे जमिनीत गोल शिळा बसवली आहे, लोक तिच्यावरून चालत जातात.

त्या शिळेपाशी आमच्या चौघींत बराच वेळ बोलणं झालं. आमची एक मैत्रीण त्या दुपारी कांद्याचं सूप प्यायली होती. आम्ही दोघींनी तिला एका शब्दानं बोललो नव्हतो, आणि तिनंही पाचही दिवस आमच्याबरोबर साडेसहाला ताटं मांडली होती. नियम माझा, तो मी पाळते. दुसरीनं पाळावा म्हणून डोळे वटारले की ती पुढच्या खेपेला मला बोलावणारच नाही, आणि मग "व्रती बाईचा त्रास होतो" हे वाक्य चौथ्या तोंडून ऐकायला मिळेल.

सत्तावीस वर्षांच्या व्रताची ती मैत्रीण आता व्हेनिसचं म्हणतेय. मी एवढंच सांगितलं, डिसेंबरात नको, तिकडे पावणेपाचच्या आतच सूर्य मावळतो. एप्रिल-मे धर, आणि घर घेताना लिफ्ट आहे का ते आधी विचार.